रिबेरो यांची पंजाबमधील कारकीर्द : राज्याच्या पोलीस प्रमुखाचे नेतृत्व कशावरून जोखावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

आमच्या गावच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात प्रशासकांवर एक छोटी व्याख्यानमाला आहे आणि माझ्या वाट्याला ज्युलिओ रिबेरो आले आहेत. घराणे मूळचे गोव्याचे, जन्म १९२९ साली मुंबईत, १९५३ मध्ये भारतीय पोलीस सेवेत प्रवेश, १९८२ ते १९८५ मुंबईचे पोलीस आयुक्त, त्यानंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालकपद, १९८५ मध्ये दंगलींनी होरपळणाऱ्या गुजरातचे आणि मार्च १९८६ पासून पंजाबचे पोलीस महासंचालकपद, ही त्यांच्या कारकिर्दीची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असेल. १९८७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९८८ मध्ये पंजाबची सूत्रे कंवरपालसिंग गिल यांच्याकडे गेली, रिबेरो राज्यपालांचे सल्लागार झाले आणि पुढे रुमानियात भारताचे राजदूत म्हणून गेले.

माझी अडचण यापुढे सुरू होते. खलिस्तानवादी दहशतवाद्यांनी मारलेल्या नागरिकांची संख्या पंजाबात १९८६ मध्ये पाचशेच्या वर होती, १९८७ मध्ये ती नऊशेच्या पुढे गेली आणि १९८८ मध्ये एकोणीसशेच्या घरात पोहोचली. एखाद्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाच्या काळात गुन्ह्यांचा आलेख असा चढला असता, तर त्याची बदली झाली असती आणि निरोप समारंभालाही कोणी फारसे फिरकले नसते. रिबेरो मात्र त्या काळातील सर्वांत आदरणीय पोलीस अधिकाऱ्यांपैकी एक मानले गेले आणि आजही मानले जातात. हा आदर त्यांच्या सचोटीला आणि धैर्याला आहे, हे मला मान्य आहे. पण सचोटी हा माणसाचा गुण झाला, आणि मला बोलायचे आहे ते प्रमुख म्हणून त्यांनी दलाचे काय केले यावर. बाहेरच्या राज्यातून आणलेला, पंजाबी ही ज्याची भाषा नाही असा अधिकारी एका दुभंगलेल्या दलाचे नेतृत्व दोन वर्षांत कितपत करू शकतो? आणि ‘गोळीला गोळी’ हे शब्द ज्यांच्या नावाला कायमचे चिकटले, त्यांच्या काळाकडे आज कायद्याच्या नजरेने कसे पाहावे? ज्यांना पोलीस खात्याची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

---

नायगाव लाइन

मी मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हे मत खालून वर पाहणाऱ्याचे आहे असे समजावे. आपण पंजाबपासून सुरुवात केली आहे. माझ्या मते व्याख्यानाची सुरुवात १८ ऑगस्ट १९८२ पासून व्हायला हवी, कारण पुढे गुजरातमध्ये आणि पंजाबात जे काम रिबेरो यांच्या वाट्याला आले, त्याची पहिली आवृत्ती मुंबईत घडली होती.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. त्या वर्षी जानेवारीपासून गिरणी संप सुरू होता. गिरणगावातला कामगार आणि त्याच्यावर बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई हे पुष्कळदा कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एकाच तालुक्यातून आलेले असत आणि वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या सारख्याच खोल्यांत राहत. कामाच्या तासांना धरबंध नव्हता. साप्ताहिक सुटी कागदावर असे आणि बंदोबस्त लागला की तीच आधी जाई. संघटनेच्या मागण्या साठत गेल्या, १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या, आणि १७ तारखेच्या रात्री सरकारने संघटनेच्या नेत्यांना अटक करून तिची मान्यता काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मुंबईने जे पाहिले ते पूर्वी कधी पाहिले नव्हते : शहराचे पोलीसच रस्त्यावर उतरले, लोकल गाड्या अडल्या, जाळपोळ झाली, आणि मुंबईच्या पोलिसांना आवरण्यासाठी लष्कर व केंद्रीय दले बोलवावी लागली. रिबेरो यांना आयुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. नंतर अनेक शिपाई बडतर्फ झाले, त्यांपैकी काहींची घरे कायमची उद्ध्वस्त झाली, आणि त्याबद्दलचा कडवटपणा पोलीस लाइनीत पुढे कित्येक वर्षे ऐकू येत असे. तो मीही ऐकला आहे आणि तो खोटा नव्हता.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या प्रमुखाच्या काळात बडतर्फीचे आदेश निघाले, त्याच्याबद्दल त्याच दलात पुढे आदर निर्माण व्हावा, हे क्वचित घडते. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे की, शिपायाला कडक साहेबाचे फारसे वावडे नसते. त्याला वावडे असते ते माणूस पाहून नियम वाकवणाऱ्या साहेबाचे. आमच्याकडे ‘ऑर्डरली रूम’ नावाची पद्धत आहे. कडक इस्त्रीचा गणवेश घालून, अर्जाची प्रत हातात घेऊन शिपाई साहेबासमोर उभा राहतो, सॅल्यूट करतो आणि आपली अडचण सांगतो : आईच्या शस्त्रक्रियेसाठी रजा हवी आहे, नायगावच्या सशस्त्र विभागातून पोलीस ठाण्यात बदली हवी आहे, मुलांसाठी सरकारी खोली हवी आहे. साहेब कागदावरून नजर वर उचलतो की नाही आणि निर्णय तिथेच देतो की ‘पाहू’ म्हणून अर्ज खालच्या कारकुनाकडे सरकवतो, एवढ्यावरून संपूर्ण दलाला आपला प्रमुख कोण आहे ते आठवडाभरात कळते. वर्तमानपत्रांतल्या मुलाखतींवरून ते कधीच कळत नाही. रिबेरो यांची ख्याती अशी होती की, मंत्र्याची चिठ्ठी घेऊन आलेल्याचे काम त्या चिठ्ठीमुळे होत नाही. चिठ्ठी नसलेल्या माणसाला ही ख्याती किती मोलाची वाटते, हे सनदी अधिकाऱ्यांना सांगून समजणार नाही.

आता गुजरातकडे पाहा. १९८५ च्या सुरुवातीस माधवसिंह सोळंकी सरकारने मागासवर्गीयांच्या राखीव जागा दहा टक्क्यांवरून अठ्ठावीस टक्के केल्या, त्याविरुद्ध आंदोलन पेटले आणि त्याला पुढे जातीय दंगलींचे रूप आले. एप्रिलमध्ये एका पोलीस कर्मचाऱ्याच्या हत्येनंतर अहमदाबादेत पोलिसांनीच जाळपोळ केल्याचे आरोप झाले, एका मोठ्या गुजराती दैनिकाची इमारत जळाली, आणि शहरात लष्कर आणावे लागले. म्हणजे दिल्लीने रिबेरो यांना जिथे पाठवले, तिथे गुन्हेगारांच्या आधी पोलीसच हाताबाहेर गेलेले होते. पंजाबातली स्थिती वेगळी, पण प्रश्न त्याच जातीचा होता. म्हणून त्यांचे मोजमाप करताना मृतांचा आकडा एवढी एकच पट्टी लावू नये, असे माझे मत आहे. दल ठाण्याबाहेर पडायला तयार झाले का, हे आधी तपासावे.

---

सतलज ते सावित्री

वडील लष्करात असल्यामुळे माझे शालेय शिक्षण जालंधर छावणीत झाले, त्यामुळे ‘दल ठाण्याबाहेर पडत नव्हते’ म्हणजे काय, याविषयी थोडे लिहितो. अंधार पडल्यावर गावातल्या पोलीस ठाण्याचे फाटक आतून बंद होत असे आणि सकाळपर्यंत रस्ता कोणाचा, हे सर्वांना माहीत असे.

या अवस्थेची मुळे रिबेरो येण्याच्या तीन वर्षे आधीची आहेत. २५ एप्रिल १९८३ रोजी पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल यांची सुवर्णमंदिराच्या प्रवेशद्वारापाशी गोळ्या घालून हत्या झाली. तास उलटून गेला तरी त्यांचा मृतदेह तिथेच पडून होता आणि जवळ असलेले पोलीस तो उचलायला पुढे झाले नाहीत. ज्या दलाला आपल्याच उपमहानिरीक्षकाचा देह उचलण्याची हिंमत झाली नाही, त्याच्यावर पुढच्याच वर्षी सुवर्णमंदिरातली ‘ब्लू स्टार’ ही लष्करी कारवाई आणि त्यामागून दिल्लीतील शिखांचे हत्याकांड कोसळले. पंजाब पोलिसांतले बहुसंख्य शिपाई शीख होते. दिल्लीला त्यांच्या निष्ठेची शंका होती, गावाला ते सरकारचे हस्तक वाटत होते आणि दहशतवादी त्यांच्या घरच्यांना लक्ष्य करत होते. त्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्या आणि स्थानिक पोलीस यांचे एकमेकांशी पटत नव्हते.

या पार्श्वभूमीवर रिबेरो यांची निवड मला तरी विचारपूर्वक केलेली वाटते. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रमुख राहिलेले असल्यामुळे दोन्ही दलांना एका टेबलावर बसवू शकत होते, आणि शीखही नसल्यामुळे व उत्तर भारतातले हिंदूही नसल्यामुळे कोणत्याही एका बाजूच्या खात्यात सहज जमा होत नव्हते. आपण विचारलेल्या ‘बाहेरचा’ या प्रश्नाला म्हणून दोन बाजू आहेत. तपास आणि खबरे यांच्या बाबतीत बाहेरचा माणूस लंगडा असतो, कारण खबरी बोलतो तो मातृभाषेत आणि ओळखीच्या फौजदाराशी. मात्र दलातल्या गटबाजीच्या बाबतीत बाहेरचा असणे हेच भांडवल ठरते. त्यांच्यानंतर आलेले गिल आसाम केडरचे, म्हणजे नोकरीने बाहेरचेच, पण जन्माने आणि भाषेने पंजाबी होते. या दोघांच्या कारकिर्दींची तुलना करताना हा फरक फारसा कोणी मांडत नाही.

दलात किती पाणी मुरले होते, याचा पुरावा ३ ऑक्टोबर १९८६ रोजी मिळाला. जालंधरमध्ये पंजाब सशस्त्र पोलिसांच्या मुख्यालयाच्या आवारात, म्हणजे महासंचालकासाठी राज्यात सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या जागी, पोलिसांचे गणवेश घातलेल्या हल्लेखोरांनी रिबेरो यांच्यावर गोळीबार केला. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला इजा झाली आणि एक सुरक्षारक्षक ठार झाला. या हल्ल्याशी खलिस्तान कमांडो फोर्स या दहशतवादी संघटनेच्या लाभसिंगचे नाव जोडले गेले, आणि हा लाभसिंग एके काळी पंजाब पोलिसांतच शिपाई होता. यानंतर प्रमुखाने आपल्या दलातील प्रत्येक शीख शिपायाकडे संशयाने पाहिले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता, आणि पंजाबची लढाई मात्र त्याच दिवशी हरली असती. रिबेरो यांनी पंजाब पोलिसांना बाजूला सारून सर्व काही केंद्रीय दलांवर सोपवण्याची वाट धरली नाही. मला विचाराल तर त्यांच्या नेतृत्वातला सर्वांत मोठा निर्णय हाच. दशकाच्या मध्यास सुमारे पस्तीस हजारांचे असलेले पंजाब पोलीस दल १९९० नंतरच्या वर्षांत साठ हजारांच्या पुढे गेले आणि शेवटी ती लढाई प्रामुख्याने शीख शिपायांनीच लढली. श्रेय गिल यांच्याकडे गेले, आणि त्यातले बरेचसे त्यांचे आहेच, पण जमीन आधी नांगरली गेली होती.

महाराष्ट्राचे धागे यात अनेक आहेत, व्याख्यानात उपयोगी पडतील म्हणून सांगतो. जालंधरच्या हल्ल्याच्या दोनच महिने आधी, १० ऑगस्ट १९८६ रोजी, निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात भर रस्त्यात हत्या झाली होती. मे १९८८ मध्ये सुवर्णमंदिराबाहेर ज्या उपमहानिरीक्षकांच्या जबड्यात गोळी लागली आणि त्यामागोमाग दुसऱ्या ‘ब्लॅक थंडर’ कारवाईला तोंड फुटले, ते एस. एस. विर्क महाराष्ट्र केडरचे. पुढे ते पंजाबचे आणि नंतर महाराष्ट्राचेही पोलीस महासंचालक झाले. ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्टला रिबेरो यांच्यावर पुन्हा हल्ला झाला आणि ते जखमी झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत दिल्लीत रुमानियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याचे अपहरण झाले, आणि वैद्य यांच्या मारेकऱ्यांची सुटका ही अपहरणकर्त्यांची मागणी होती. त्या दोन मारेकऱ्यांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

---

कलमदान

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट सौम्य झाली आहे. मी वकिली करतो, तेव्हा ती मला मांडावी लागेल.

पोलीस प्रमुखाने आपल्या दलाचे मनोबल उंचावले, हे वाक्य मी जेव्हा वाचतो तेव्हा पुढचा प्रश्न असा पडतो की, ते कोणत्या किमतीवर उंचावले. ‘गोळीला गोळी’ ही घोषणा वर्तमानपत्रासाठी ठीक असेल. ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोहोचेपर्यंत तिचा अर्थ असा होतो की, चकमकीत माणूस मेला तर वरून फार चौकशी होणार नाही. पंजाबात खोट्या चकमकींचे आरोप गिल यांच्या काळात शिगेला पोहोचले हे खरे, परंतु ते आरोप त्यांच्यापासून सुरू झालेले नाहीत. पुढे मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी अमृतसर जिल्ह्यातील स्मशानांच्या नोंदी, म्हणजे साधी लाकडाच्या खरेदीची आणि दहनाची रजिस्टरे, तपासून पोलिसांनी ‘बेवारस’ म्हणून जाळलेल्या मृतदेहांचा प्रश्न बाहेर काढला. सप्टेंबर १९९५ मध्ये स्वतः खालरा यांचेच अपहरण होऊन त्यांची हत्या झाली आणि त्या प्रकरणात पंजाब पोलिसांचे कर्मचारी दोषी ठरले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीत त्या एका जिल्ह्यात अशी २,०९७ दहने आढळली. रिबेरो यांना या सर्वांसाठी व्यक्तिशः जबाबदार धरणे अन्यायाचे होईल, आणि मी तसे म्हणतही नाही. मी म्हणतो ते इतकेच की, ‘नांगरलेल्या जमिनीत’ हेही उगवले, आणि जमीन नांगरणाऱ्याचे श्रेय मोजायचे असेल तर संपूर्ण पीक मोजावे लागेल.

आता प्रमुखाच्या अधिकारांविषयी, कारण सामान्य वाचकाला वाटते त्यापेक्षा ते फार तोकडे आहेत. १८६१ च्या पोलीस कायद्याने, जो त्या वेळी पंजाबात लागू होता, दलाचे प्रशासन प्रमुखाकडे दिले, मात्र त्याच्यावरची देखरेख राज्य सरकारच्या हाती ठेवली. आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या चौथ्या कलमातही देखरेख राज्य सरकारचीच आहे. ‘देखरेख’ कुठे संपते आणि हस्तक्षेप कुठे सुरू होतो, हे कायदा सांगत नाही, आणि एवढ्याशा फटीत आपल्याकडचे पोलीस राजकारण आरामात राहते. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७७ ते १९८१ या काळात आठ अहवाल देऊन यावर उपाय सुचवले. ते तसेच पडून राहिले. अखेर प्रकाश सिंग या निवृत्त महासंचालकांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल आला. राज्याचा पोलीस प्रमुख केंद्रीय लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांमधून नेमावा आणि निवृत्तीची तारीख काहीही असली तरी त्याला किमान दोन वर्षे मिळावीत, हा त्यातला आपल्या विषयाशी थेट संबंधित भाग. राज्यांनी त्याला अनेक फाटे फोडले. प्रभारी महासंचालक नेमून वेळ मारून नेण्याची युक्ती इतकी रुळली की २०१८ मध्ये न्यायालयाला तीही बंद करावी लागली. गंमत अशी की, ज्या पंजाबसाठी एके काळी दिल्लीहून प्रमुख धाडला गेला, त्याच पंजाबच्या विधानसभेने जून २०२३ मध्ये लोकसेवा आयोगाला वगळून आपला प्रमुख आपणच निवडण्याचे विधेयक मंजूर केले.

याचा अर्थ, आजच्या चौकटीत रिबेरो यांच्यासारखी नेमणूक नेहमीच्या वाटेने जवळजवळ अशक्य आहे. ते चांगले की वाईट, यावर इथे दोन मते होतील. माझ्या मते ते चांगले आहे.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. कलमदान यांचा मुद्दा मला पटतो, पण एक शंका उरते. रिबेरो यांच्या काळात हिंसाचार वाढला तो अकाली सरकारच्या कचखाऊपणामुळे, आणि त्यांचे हात मोकळे असते तर चित्र वेगळे दिसले असते, असे काही लेखांत वाचायला मिळते. या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

---

सतलज ते सावित्री

तारखा पाहिल्या तर फारसे तथ्य दिसत नाही. सुरजितसिंग बर्नाला यांच्या अकाली सरकारने ३० एप्रिल १९८६ रोजी, म्हणजे रिबेरो येऊन जेमतेम महिना-दीड महिना झालेला असताना, सुवर्णमंदिरात पोलीस आणि कमांडो पाठवले आणि त्या निर्णयापायी सत्तावीस आमदार बाहेर पडून त्यांचा पक्ष फुटला. इतकी राजकीय किंमत मोजणाऱ्या मुख्यमंत्र्याला कचखाऊ म्हणणे मला जड जाते. ११ मे १९८७ रोजी ते सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट आणली गेली, कारण म्हणून कायदा-सुव्यवस्था हेच सांगण्यात आले, आणि राज्यपाल सिद्धार्थ शंकर राय व महासंचालक रिबेरो यांच्यामध्ये आता कोणी निवडून आलेला माणूस उरला नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जुलै १९८७ मध्ये, लालडूजवळ बसमधून उतरवून अडतीस प्रवाशांना मारण्यात आले. आकडे तर आपणच दिले आहेत. राष्ट्रपती राजवटीत ते उतरले नाहीत, उलट चढले. राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्यातील करारातली, चंदिगड पंजाबला देण्यासारखी वचने अडकून पडली होती आणि स्वतः लोंगोवाल यांची हत्या १९८५ च्या ऑगस्टमध्येच झाली होती. जो प्रश्न मुळात राजकीय होता, त्यात पोलीस प्रमुखाला जेवढे करता येते तेवढेच रिबेरो करू शकले. पंजाबच्या प्रश्नाचे उत्तर केवळ पोलिसी कारवाईत नाही, हे ते स्वतःही मानत आणि उघड बोलत असत, आणि गिल यांच्याशी त्यांचा असलेला मतभेद बराचसा याच ठिकाणी आहे.

---

नायगाव लाइन

कलमदान यांना थोडा विरोध नोंदवतो. दोन वर्षांची हमी मिळाल्याने प्रमुख निर्भय होतो, हे गृहीत मला अनुभवाशी जुळताना दिसत नाही. त्या काळी निवृत्तीचे वय अठ्ठावन्न होते. रिबेरो यांना ते मे १९८७ मध्येच पूर्ण झाले होते आणि त्यानंतरचा प्रत्येक महिना ते सरकारच्या मर्जीवर पदावर होते. हमी नसतानाही ते वाकले नाहीत. उलट हमी असलेले, पण निवृत्तीनंतरच्या एखाद्या आयोगाकडे किंवा मंडळाकडे डोळे लावून बसलेले साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. नियम असावा, त्याला माझा विरोध नाही. पण पाठकणा लोकसेवा आयोगाच्या यादीतून येत नाही.

खोट्या चकमकींबद्दल मात्र मी कलमदान यांच्याशी सहमत आहे. त्याची झळ शेवटी खालच्यालाच लागते. वीस-पंचवीस वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा तोंडी आदेश देणारा वरिष्ठ कुठेच नसतो आणि ठाण्याच्या डायरीवर सही करणारा शिपाई पिंजऱ्यात असतो.

---

कलमदान

नायगाव लाइन यांचा आक्षेप मान्य करूनही एक सांगतो. रिबेरो यांच्यासारखा माणूस नियमाविना ताठ राहिला, याने नियम अनावश्यक ठरत नाही. नियम असतो तो सरासरी अधिकाऱ्यासाठी, ज्याचे कर्ज अजून फिटलेले नसते आणि मुलीचे शिक्षण चालू असते. दोन वर्षांची हमी त्याला शूर करणार नाही, मात्र एखाद्या फोनला ‘लेखी द्या’ असे म्हणण्याइतकी उसंत देईल. तोंडी आदेशाचा जो प्रश्न आपण मांडला आहे, त्याचे निम्मे उत्तर त्या दोन शब्दांत आहे.

---

भिवंडीकर

चर्चा पंजाबातच अडकली आहे, म्हणून निवृत्तीनंतरच्या भागाविषयी लिहितो, कारण कृष्णाकाठ यांच्या व्याख्यानात तो सुटू नये असे वाटते.

मे १९८४ मध्ये भिवंडीत आणि मुंबईत मोठी दंगल झाली तेव्हा रिबेरो मुंबईचे आयुक्त होते. भिवंडीसाठी त्या दंगलीतून जो धडा घेतला गेला, तो पुढे सुरेश खोपडे यांनी घेतला. १९८८ मध्ये ते पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांतले यंत्रमागवाले, रिक्षावाले, दुकानदार अशी साधी माणसे पोलीस शिपायाबरोबर नियमितपणे बसत. नेत्यांना त्यात मुद्दाम मान नव्हता. शिपायाला आपल्या हद्दीतली माणसे नावाने ओळखता येऊ लागली आणि माणसांना शिपाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ज्यांनी १९८४ पाहिले होते त्यांचा यावर प्रथम विश्वास बसला नाही.

त्यानंतर मुंबईत सतीश साहनी आयुक्त असताना तशाच समित्यांचे काम सुरू झाले आणि रुमानियाहून परतलेले रिबेरो त्यात सामील झाले. ज्याच्यावर दोनदा प्राणघातक हल्ला झाला आहे, ज्याने दोन राज्यांची पोलीस दले चालवली आहेत, असा माणूस वस्तीतल्या समितीच्या बैठकीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गटार, भोंगा आणि गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग यांवरच्या तक्रारी ऐकतो, हे दृश्य त्या काळी अनेकांनी पाहिले आहे. हे काम त्यांनी हौस म्हणून चार दिवस केले नाही. पुढे अनेक वर्षे केले.

कलमदान यांच्या प्रश्नाचे, म्हणजे ‘गोळीला गोळी’ या घोषणेचे काय करायचे याचे, उत्तर मला या कामात दिसते असे मी म्हणणार नाही, कारण पंजाबातल्या कुटुंबांना मुंबईतल्या समित्यांचा काय उपयोग? पण रिबेरो यांना पोलीस कशासाठी हवा होता, ते या उत्तरार्धात अधिक स्पष्ट दिसते. नोव्हेंबर २००८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे हे एका संवेदनशील तपासावरून होणाऱ्या टीकेने व्यथित झाले होते. त्या वेळी मन मोकळे करायला ते वीस वर्षांपूर्वी पंजाबची सूत्रे सोडलेल्या या निवृत्त अधिकाऱ्याकडे गेले होते. रिबेरो यांनीच नंतर ते लिहिले. ही भेट २५ तारखेची, आणि दुसऱ्याच रात्री करकरे मुंबईवरील हल्ल्यात मारले गेले.

व्याख्यानासाठी एक व्यावहारिक सूचना करतो. पंजाबचे आकडे श्रोत्यांना जरूर सांगा, पण १९८६ ते १९८८ एवढेच सांगू नका. १९९१ मध्ये, म्हणजे रिबेरो जाऊन तीन वर्षे झाल्यावर, मारल्या गेलेल्या नागरिकांची संख्या अडीच हजारांच्या वर होती आणि १९९३ पर्यंत ती पन्नासच्या आत आली. मधल्या दोन वर्षांत निवडणूक झाली, काँग्रेसचे बेअंतसिंग यांचे सरकार आले, दल वाढले आणि खालरा यांनी ज्यांचा हिशेब मागितला त्यांतली पुष्कळ दहनेही त्याच काळात झाली. हे सर्व एका फळ्यावर ओळीने लिहिलेत, तर प्रश्नोत्तरांना अर्धा तास जास्त ठेवावा लागेल.